मदत हवी आहे: सोनोग्राफीचा हृदयासाठीचा प्रोब नसताना हृदयाचं पंपिंग कसं ठरवायचं?

अहेरी भागातल्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला असतो. दम लागलेला, बीपी पडलेला पेशंट आला की सलाईन द्यावं की लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध), एवढंच ठरवायला बेडवरच इको (हृदयाची सोनोग्राफी) बघतो. नागपूर गाठायला पाच-सहा तास, म्हणून निर्णय इथेच करावा लागतो.

पोर्टेबल सोनोग्राफी मशीन आहे, पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदी) कायद्याखाली नोंदणीकृत, माझंही नाव त्यात आहे; तो प्रश्न नाही. पण प्रोब फक्त पोटाचा, वाकडा. नवीन प्रोबची मागणी केलीय, कधी येईल देव जाणे. छातीवरून पाहिलं तर बरगडीची सावली मध्ये येते. डाव्या कुशीवर वळवावं तर धाप लागलेला माणूस वळत नाही. बरगडीखालून चित्र बरं मिळतं, पण त्या कोनातून ईपीएसएस (मायट्रल झडप उघडताना तिचं पान हृदयाच्या मधल्या पडद्यापासून किती दूर राहतं, ते अंतर) मोजता येत नाही. छातीवरून जमलंच, तर ७ मिमीच्या वर गेलं की पंपिंग कमी धरतो. मात्र आमच्याकडे संधिवाती तापानंतरचे मायट्रल स्टेनोसिसचे पेशंट बरेच. त्यांची झडपच नीट उघडत नाही, मग तो आकडा फसवा.

अशा पेशंटमध्ये, त्यातही एएफ (ठोके अनियमित पडणं) असेल तर, बरगडीखालच्या व्ह्यूमध्ये नजरेने नेमकं काय बघून पंपिंग चांगलं, मध्यम की वाईट ठरवता? आणि किती ठोके बघता?