'आंबूस' म्हणजे बिघडलेलं का? (सावर बिअरच्या चवीसाठी शब्द हवेत)

सीताबर्डीकर: मंडळी, अडलोय. नागपुरातल्या एका ब्रुअरीसाठी चवपरीक्षेचा तक्ता मराठीत करतोय. बिअर संत्र्याचा रस घातलेली 'गोझे' आहे, जर्मनीत मीठ आणि धणे घालून करतात ती आंबट बिअर. मूळ तक्त्यात 'टार्ट' आणि 'सावर' वेगवेगळे आहेत. माझ्याकडे दोन्हींना 'आंबट' एवढंच. शेवटी 'टार्ट'ला 'आंबूस' लिहिलं. मावशीने वाचलं आणि म्हणाली, "अरे, दुपारचं वरण रात्री लागतं ते आंबूस. असं लिहिल्यावर कोण पिणार?" ५० पैकी २० गुण चवीला आहेत. शब्द चुकला तर परीक्षक भलतेच गुण देतील. काय लिहू?

वर्धेची लेक: मावशीचं बरोबर आहे. आंबूस हा आधी वास, मग चव. दूध नासायला आलं की आई पातेल्याशी नाक नेऊन म्हणायची, "आंबूस येतंय." तुम्ही 'आंबटसर' लिहा.

शब्दवेडा: 'आंबटसर'मधून किती ते कळतं, कसलं ते कळत नाही. दह्यात लॅक्टिक आम्ल, लिंबू-संत्र्यात सायट्रिक, व्हिनेगरमध्ये ॲसेटिक. गोझेचा आंबटपणा लॅक्टिक, म्हणजे दह्याच्या घरातला. त्यावर संत्र्याचा वेगळा. आणि व्हिनेगरसारखी नाकात गेली तर गोझेत तो दोष, त्याचे गुण कापायचे. तक्त्यात या तीन जाती हव्यात. सगळ्यांना मिळून शब्द हवा तर 'आम्ल' घ्या, तो शुद्ध आहे.

काटोलकर: आम्ल काहून लिहिता भाऊ? आम्ल बॅटरीत टाकतात. संत्र्याचंच बोलायचं तर आमच्याकडे शब्द आहे, आंबिया. आंबियाचं फळ आंबट, मृगाच्या पावसावर फुललेलं ते गोड, म्हणून तो आंबिया बहार. बा असंच सांगायचे.

शब्दवेडा: काका, आंबिया हा आंब्याच्या मोहरावरून. संत्र्याची झाडं तेव्हाच, जानेवारी-फेब्रुवारीत फुलतात. आणि आंबा आला 'आम्र'वरून, आंबट आलं 'अम्ल'वरून. प्राकृतातही 'अंब' वेगळा, 'अंबिल' वेगळा. आपली आंबील त्या दुसऱ्याची.

काटोलकर: मोहराचं असेल. पण ऑक्टोबरात आंबियाचं पहिल्या तोडीचं संत्रं खाऊन पाहा, दात आंबतात का नाही. आंबट मोजायचं माप तेच.

वर्धेची लेक: आंबील निघालीच आहे तर सांगते. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आजी ज्वारीचं पीठ आदल्या रात्री ताकात भिजवायची. सकाळी झाकण काढून बोट बुडवायची, चाटायची आणि "आली" म्हणायची. तेवढंच. आंबणं वेगळं, नासणं वेगळं. बिअरही आंबवलेलीच की, मग तिला नासक्याचा शब्द का लावायचा?

कोथरूडवासी: आंबील नाचणीची असते. ज्वारीची म्हणजे कण्या झाल्या.

वर्धेची लेक: कण्या भरडीच्या असतात हो, पिठाच्या नाही. विदर्भात येऊन एकदा महालक्ष्म्यांना जेवा.

सीताबर्डीकर: सगळ्यांचं वाचून काल पुन्हा बसलो. पहिल्या घोटाला कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात बारीक कळ आली आणि तोंडाला पाणी सुटलं. मग मीठ. सगळ्यात शेवटी संत्र्याच्या सालीचा कडवटपणा, तो बराच वेळ जिभेवर राहिला. दात मात्र आंबले नाहीत. म्हणून 'टार्ट'ला 'तोंडाला पाणी सुटेल इतकी' आणि 'सावर'ला 'दात आंबतील इतकी' असं लिहिलंय. काकांचं माप बरोबर निघालं. पण तक्त्याच्या रकान्यात एवढं मावत नाही, एकच शब्द हवा.

शब्दवेडा: माप चांगलं आहे, पण जात राहिली. दह्याने दात आंबत नाहीत, चिंचेने आंबतात.

काटोलकर: लोणारचं दही खाल्लं नाही तुम्ही अजून.

कोथरूडवासी: ज्वारीच्या आंबिलीला पीठ किती आणि ताक किती, ते तरी सांगा. रविवारी करून बघतो.