अनुभव धागा: घाटातल्या गाडीचा काचेचा डबा. पैसे वसूल झाले का?

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात सासूसासऱ्यांना घेऊन मुंबई-पुणे किंवा कोकण असा प्रवास करायचाय, आणि तो फक्त कुठेतरी पोचण्यासाठी नाही, प्रवास म्हणूनच. व्हिस्टाडोमचं (म्हणजे काचेचं छत आणि मोठ्या खिडक्या असलेल्या डब्याचं) तिकीट एसी चेअर कारच्या दुपटीहून जास्त पडतं त्यामुळे घरात चर्चा चालू आहे. मी स्वतः एकदा बसलेय तर सुरुवात माझ्यापासून करते, पण तुम्ही कुठल्या गाडीने, कुठल्या महिन्यात, कुठल्या वेळी गेलात ते नक्की लिहा कारण मला वाटतं सगळं त्यावरच आहे.

मी जुलैमध्ये डेक्कन एक्सप्रेसने गेले होते, सकाळी सातची सीएसएमटीहून. मुंबई-पुणे मार्गावर पहिला व्हिस्टाडोम ह्याच गाडीला लागला, जून २०२१ मध्ये. कल्याणपर्यंत खरं सांगायचं तर काहीच विशेष नाही, काचेतून इमारती आणि पत्रे दिसतात. नेरळ गेलं आणि ढग खाली आले. कर्जतनंतर गाडी वळायला लागली तसं डोक्यावरच्या काचेवर पाऊस पडायला लागला आणि अख्खा डबा एकदम गप्प झाला. मी ह्या घाटातून निदान शंभर वेळा गेलेय पण डोंगराचा माथा कधी पाहिला नव्हता, खिडकीतून फक्त मधला भाग दिसतो ना. ह्यावेळी धबधबा जिथून सुटतो ती जागा दिसली. मला तेवढ्यासाठी पैसे वसूल वाटले.

---

मी पुण्याहून रोज जाणारा, पासवाला, डेक्कन क्वीनची बावीस वर्षं झाली. व्हिस्टाडोम लागला १५ ऑगस्ट २०२१ ला, आम्ही आमच्या डब्यातून बघायचो नुसतं. मग लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायकोला घेऊन त्यात बसलो. एक गोष्ट आधी सांगतो, संध्याकाळी मुंबईहून पाच दहाला सुटणारी क्वीन डिसेंबर-जानेवारीत काचेच्या डब्यासाठी घेऊ नका, कर्जत यायच्या आधीच अंधार पडतो आणि मग काचेत स्वतःचाच चेहरा बघत बसायचं. सकाळची पुण्याहून सव्वासातची घ्या. लोणावळ्यानंतर घाट उतरताना ऊन कोवळं असतं, दरीत धुकं साचलेलं असतं आणि उल्हास नदीच्या खोऱ्यापलीकडे राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले धुक्याच्या वर आलेले दिसतात. मी बावीस वर्षं त्या वेळेला झोपलेला असायचो! बायकोने विचारलं तो कुठला किल्ला आणि मला नीट सांगता आलं नाही, ह्याची फार रुखरुख लागली. घरी येऊन नकाशा काढला.

आणि हो, क्वीनला डायनिंग कार आहे, जागच्या जागी खाणं मागवण्यापेक्षा एकदा तिथे जाऊन टेबलावर बसा. टोस्ट आणि ऑम्लेट, बाहेर घाट. दोन्हीचा मान ठेवायला हवा.

---

आमचा प्रवास मांडवी एक्सप्रेसने ठरला होता पण आईच्या गुडघ्यांमुळे जनशताब्दीचा व्हिस्टाडोम घेतला, कोकण मार्गावर तो सप्टेंबर २०१७ पासून आहे. आई ८१ वर्षांची. तिचं माहेर कणकवलीजवळ. ती लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जायची, देवगडला उतरायचं, पुढे बैलगाडी. नंतर सगळं आयुष्य रातराणी एसटीने गेली, म्हणजे कायम रात्रीच. रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली तरी आम्ही तिला नेहमी रात्रीच्याच गाडीत बसवलं, झोपून जाईल म्हणून. तर मला त्या दिवशी कळलं की आईने स्वतःचं कोकण मधल्या भागात उजेडात पाहिलेलंच नाही.

पहाटे ठाण्याहून चढलो. चिपळूणच्या आधी वाशिष्ठी दिसली, भात पोटरीला आलं होतं, आणि आईने पदर सारखा करून सीट फिरवायला सांगितली, सीट पूर्ण फिरते, तिला खिडकीकडे तोंड करून बसायचं होतं. उक्षी गेलं की करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा, तेव्हा चार-पाच मिनिटं वर काळोख आणि काचेत दिवे. बाहेर पडल्यावर एकदम हिरवं. रत्नागिरीच्या पुढे पानवलचा पूल आला, ६४ मीटर उंच आहे, खाली माडांचे शेंडे दिसतात. तिथे ती म्हणाली, "ह्या सगळा आमी कधी बघूकच नाय." बस. तिकिटाचे किती झाले ते तिला मी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

सल्ला एवढाच की जाताना घ्या. परतीची गाडी मडगावहून दुपारी निघते, महाड-माणगावपर्यंत येईतो अंधार होतो. आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं, वेग कमी ठेवतात, जोराचा पाऊस असेल आणि समोरचं नीट दिसत नसेल तर ताशी ४० वर चालवतात. काचेच्या डब्यात बसलेल्याला उशीर झाला तर उलट बरंच आहे, पण पुढे कुठे वेळेवर पोचायचं असेल तर ते धरून चला.

---

वरचं वाचून डोळ्यात पाणी आलं. माझ्या आजीला न्यायचं राहून गेलं.

---

मी जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नये. सह्याद्रीचा पाऊस हा बघायचा नसतोच फक्त, तो अंगावर घ्यायचा असतो. एसी, काच बंद, बाहेर धबधबा पण आवाज नाही, ओल्या मातीचा वास नाही, बोगद्यातला तो गार दमट वारा नाही. मी दोन्ही केलंय. सेकंड सीटिंगच्या खिडकीत हात बाहेर न काढता नुसतं गजाला नाक लावून बसलं तरी तुषार येतात. माझ्यासाठी घाट म्हणजे तेच. पण माझ्या बाबांचा दमा बघता त्यांच्यासाठी मी व्हिस्टाडोमच काढेन, हे पण खरं आहे.

---

रेल्वेवेडा माणूस आहे, थोडं मोठं होईल, सांभाळून घ्या.

भोर घाटात, म्हणजे कर्जत-लोणावळ्याच्या मधे, काचेच्या डब्यात बसून लोक धबधबे बघतात, माझी विनंती आहे की भिंती पण बघा. दगडी कमानी, बोगद्यांची तोंडं. घाटाचं काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६३ ला गाडी वर चढली. पहिल्या लाइनला २५ बोगदे होते. मधे काम अडलं तेव्हा सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार १८५९ मध्ये इंग्लंडहून आला आणि आल्यावर थोड्याच काळात आजारपणाने गेला. त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, परत न जाता कंत्राट स्वतःकडे घेतलं, इंजिनियर नेमले आणि काम पुरं करून घेतलं. एका टप्प्यावर चाळीस हजारांहून जास्त मजूर घाटात होते, पटकी आणि तापाने त्यातले किती गेले. आपल्याच मुलखातली माणसं असणार त्यात बरीचशी, त्यांची नावं कुठेच नाहीत. मी बोगदा आला की त्यांची आठवण काढतो.

चढ जास्तीत जास्त ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. म्हणून कर्जतला बहुतेक गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात, ढकलायला, आणि लोणावळ्याला सुटतात. आता व्हिस्टाडोमच्या टोकाला ती मोठी काच असते ना, ऑब्झर्वेशन लाउंज, तिथून काय दिसणार हे डबा कुठे लागलाय त्यावर ठरतं. शेवटी असेल आणि मागे इंजिन नसेल तर रूळ मागे पळताना दिसतात, ह्यासारखं दुसरं सुख नाही. इंजिनाला लागून असेल तर काचेला टेकलेलं इंजिनाचं तोंड दिसतं. मला तेही आवडतं पण घरच्यांना आधी सांगून ठेवा. मुंबईकडे उतरताना मंकी हिलला गाडी ब्रेक तपासायला थांबते, तेव्हा लाउंजमध्ये जाऊन उभं राहायचं, कारण गाडी हलत नसते आणि फोटो सरळ येतो.

---

फोटोवरून आठवलं. काचेत डब्यातले दिवे आणि आपले कपडे उमटतात, गडद रंगाचं काहीतरी घाला आणि फोनची लेन्स काचेला चिकटवून धरा. एप्रिल-मे मध्ये छतावरून ऊन डोक्यावर येतं, टोपी ठेवा. एकदा मला एका गाडीत काच बाहेरून इतकी मळलेली मिळाली की अर्धा प्रवास तपकिरी दिसला, त्याला इलाज नाही, पाऊस पडून गेल्यावरचा आठवडा निवडायचा. तिकीट काढताना क्लासमध्ये 'व्हिस्टाडोम एसी' असं वेगळं येतं. ४४ सीटा असतात फक्त, श्रावणातले शनिवार-रविवार हवे असतील तर बुकिंग उघडल्या उघडल्याच काढा.

---

मी सिॲटलला असते, इथला अनुभव चालेल ना? ॲमट्रॅक ह्या इथल्या रेल्वे कंपनीची कॅस्केड्स म्हणून गाडी आहे, पोर्टलँड ते सिॲटल आणि पुढे कॅनडात व्हँकुव्हरपर्यंत. तिचा बिझनेस क्लास म्हणजे एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक अशा सीटा, पाय पसरायला जागा, बाकी काचेचं छत वगैरे नाही. एकटीने प्रवास करताना ती एकटी सीट मला फार आवडते, शेजाऱ्याला उठवायला लागत नाही, डबा उघडून पोळीभाजी खाता येते.

पण लोक चुकतात ते दिशेत. पोर्टलँडकडे जाताना टॅकोमाच्या पुढे पूर्वी गाडी अगदी पाण्याच्या काठाने जायची, नोव्हेंबर २०२१ पासून ती आतल्या मार्गाने हायवेच्या बाजूने जाते, तो किनारा आता दिसत नाही. समुद्र हवा असेल तर उत्तरेला जा. सिॲटल सोडलं की एडमंड्स, एव्हरेटपर्यंत डावीकडे सलग पाणी, आणि बेलिंगहॅमच्या आधी चकनट खाडीशी झाडी आणि खडक थेट पाण्यात उतरतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आईला व्हिडिओ कॉल लावून फोन खिडकीला धरून ठेवला होता, हात भरून आला. तिच्याकडे रात्र होती, तरी ती जागी राहिली.

---

बंगळूरहून मंगळूरला दिवसा जाणाऱ्या गाडीचा व्हिस्टाडोम राहिला का कुणाचा? सकलेशपूर ते सुब्रमण्य रोड, ५५ किलोमीटरच्या आसपास घाट आणि ५७ बोगदे. आमच्या मुलाने सगळे मोजले, दोन हुकले म्हणून रडला. तिथलं जंगल आपल्या भोर घाटापेक्षा दाट, घरं जवळपास नाहीतच. गाडी इतकी हळू जाते की पानं ओळखता येतात. ज्यांना शांतता हवी त्यांनी हा घ्या, मुंबई-पुण्याला डब्यात सेल्फीची गर्दी फार असते.

---

वय वर्षे ७४. वरचा वर्ग, खालचा वर्ग ह्यावर थोडं बोलू द्या. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हा तिला थर्ड क्लास नव्हताच, १९५५ मध्ये लागला. माझे वडील त्याच्या आधी रूळाशेजारी उभे राहून ती गाडी बघायचे, चढायची ऐपत नव्हती. आम्ही लाकडी फळ्यांवर बसून वाढलो. मधू दंडवते १९७७ ला रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंच फोम आला. राजापूरचे खासदार, आमच्या भागाचे. तो फोम मला पहिल्यांदा हाताला लागला तेव्हा मी दाबून दाबून पाहिला होता.

गेल्या वर्षी मुलीने मला मुंबई-पुण्याच्या प्रगती एक्सप्रेसच्या काचेच्या डब्यात बसवलं. सीट फिरवता येते हे मला माहीत नव्हतं, तिने दाखवलं. मला वडील आठवले. खंडाळ्याला बाहेर रूळाशेजारी काही मुलं उभी होती, हात करत होती, मी पण केला, पण ह्या काचेतून आतलं त्यांना दिसत असेल का कोण जाणे.

---

धागाकर्ती परत. काका, तुमचं सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते पण लाकडी फळ्यांवालेच, फोमचं ऐकून म्हणाले हो हो, मऊ बाक!

ठरलं मग. पुण्याहून सकाळची क्वीन, बुधवार, म्हणजे गर्दी कमी. दोन दिवस मुंबईत माझ्या नणंदेकडे आणि परत येताना सासऱ्यांच्या हट्टाने डेक्कन एक्सप्रेसचं सेकंड सीटिंग, खिडकीची सीट, कारण त्यांना कर्जतला बँकर लागेपर्यंत खिडकीतूनच वडा घ्यायचाय आणि काचेच्या डब्याची खिडकी उघडत नाही. रेल्वेवाले दादा, तेवढं सांगा, इंजिनं लागायला साधारण किती मिनिटं मिळतात हो?