पाचवीतला मुलगा, रोजची चिडचिड आणि 'काही नाही'... काय करावं?

डहाणूकर_कॉलनीकर
मुलगा पाचवीत आहे. शाळेच्या व्हॅनमधून उतरला की दप्तर आपटतो, डबा अर्धा तसाच, काय झालं विचारलं की 'काही नाही' आणि मग धाकट्या बहिणीवर उगाच वस्सकन ओरडतो. आजी म्हणतात दोन धपाटे द्या, सुतासारखा सरळ येईल, मला ते पटत नाही. त्याला स्वतःला आत काय होतंय ते कळावं म्हणून घरी काय करता येईल?

शाळेतली_ताई
मी शाळेत समुपदेशनाचं काम करते. 'का चिडलास' विचारू नका, ते त्यालाच माहीत नसतं आणि वर उलटतपासणी चाललीय असं वाटतं. कुठे होतंय विचारा, पोटात, छातीत, घशात? मुलं लगेच हात ठेवून दाखवतात. मग पर्याय द्यायचे, खेळायला घेतलं नाही म्हणून वाईट वाटलं, की सगळे हसले म्हणून लाज वाटली? पर्याय चुकला तरी बिघडत नाही, 'तसं नाही गं' म्हणत खरं काय ते सांगून टाकतात. २००७ मध्ये लॉस एंजेलिसला मॅथ्यू लिबरमन यांच्या टीमने लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं होतं, त्यात चेहऱ्यावरच्या भावनेला नाव दिलं की अमिग्डाला, म्हणजे धोका दिसला की खडबडून जागा होणारा भाग, त्यातल्या त्यात शांत राहिला. पण हे दप्तर आपटताना नको हं, आधी पोटात काहीतरी जाऊ दे.

नूपुर_पुणे
मी भरतनाट्यम शिकवते, म्हणून थोडं वेगळं सांगते. नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव आहेत, म्हणजे टिकून राहणारे, आणि वर ३३ व्यभिचारी भाव, म्हणजे येणारे-जाणारे. शंका, असूया म्हणजे हेवा, व्रीडा म्हणजे लाज, विषाद, सगळं वेगवेगळं. घाम, रोमांच, कंप, अश्रू हे सात्त्विक भाव, म्हणजे अंगावर आपोआप उमटणारे, आणखी निराळे. क्लासमध्ये असूया दाखव म्हटलं की मुली आधी रागच दाखवतात, भुवया चढवून. मग मी सांगते, जिचा हेवा वाटतोय तिच्याकडे आधी चोरून बघ, मग मान फिरव. लगेच फरक कळतो त्यांना. घरी खेळ म्हणून करा, बहिणीलाही घ्या.

कर्वेरोड_बाबा
दोन्ही पटलं, पण नाव दिलं म्हणजे प्रश्न सुटला असं नाही ना. डबा अर्धा परत येतोय हे मला जास्त खटकलं. शाळेत किंवा व्हॅनमध्ये कोणी त्रास देत असेल तर त्याचा राग बरोबरच आहे, तो शांत करत बसायचं नाही, बाईंशी आणि व्हॅनवाल्या काकांशी बोलायचं. आमचा लेक समोर बसवलं की गप्प, पण गाडीवर मागे बसला की नळस्टॉपपर्यंत सगळं सांगून मोकळा होतो, तोंडाकडे बघावं लागत नाही म्हणून असेल. आणि झोप उडाली किंवा शाळेलाच जायचं नाही म्हणायला लागला तर टेलिमानसला फोन करा, १४४१६, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

डहाणूकर_कॉलनीकर
खूप आभार सगळ्यांचे. व्हॅन जूनमध्ये बदललीय आणि त्यात आठवी-नववीची मुलं आहेत. उद्या त्याला आणायला मीच स्कूटी घेऊन जाते.