पुण्याला नोकरीला गेलेला पळपुटा कसा काय?

चाकणचा_पाहुणा

परवापासून एका कारखानदार काकांची पोस्ट सगळ्या ग्रुपांवर फिरत्येय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सार: कोल्हापुरात कारखान्यांना माणसं मिळेनात, आम्ही पोरांना शिकवून तयार करतो, ती चार पैसे जादा दिसले की पुणं गाठतात, पळपुटी पिढी, मातीशी बेइमानी. आणि शेवटी शाहू महाराजांचं नाव.

मी त्यातलाच एक पळपुटा. डिप्लोमा करून कोल्हापूरजवळच्या शिरोलीत एका मशिन शॉपला लागलो. 'शिकवून तयार करतो' म्हणजे काय ते ऐका. सुरुवातीला किती तरी दिवस मला जॉबची बर, म्हणजे कापलेल्या भागाच्या कडेचा कच, काढायला बसवलं होतं. मशिनवर ऑफसेट, म्हणजे टूलचं माप, घ्यायला शिकवलं ते रात्रपाळीच्या एका ऑपरेटरनं, तेही मालक नसताना. पुढं सेटर, म्हणजे मशिन लावून देणारा, झालो तरी हातात १९ हजार. पीएफ कापायचा तो बेसिक जमेल तेवढं खाली दाखवून. ओव्हरटाइम साध्या रेटनं पाकिटातून. कायद्यात १९४८ पासून ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे, हे मला पुण्याजवळच्या चाकणच्या कंपनीची पहिली पगारस्लिप बघून कळलं.

पेपर टाकला तर म्हणे तीन महिने नोटीस. अपॉइंटमेंट लेटर कधी दिलंच नव्हतं, नोटिशीचा नियम मात्र तोंडपाठ. शेवटचा पगार अडकवला. रिलीव्हिंग लेटरसाठी एवढे हेलपाटे घातले की वॉचमन चहा विचारायला लागला.

आणि महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात बोर्डिंग काढलं ते कुणासाठी? खेड्यातलं पोर गाव सोडून शहरात राहावं, शिकावं, म्हणूनच की. तेव्हा त्या पोरांना कुणी पळपुटं म्हटलं असतं, तर महाराजांनी काय केलं असतं ते काकांनीच सांगावं.

उद्यमनगर_जुना

ती पोस्ट माझी नव्हे, पण माझी असती तरी चाललं असतं. पाव्हणं, तुमचा मालक नालायक होता, मान्य. म्हणून सगळं उद्यमनगर, म्हणजे इथले सगळे कारखानदार, नालायक का?

माझ्याकडं वीस माणसं आहेत. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं, मशिनिंग करून देतो. रेट कोण ठरवतं? तुमच्या चाकणची कंपनी. दरवर्षी परचेसवाला एसीत बसून सांगतो, 'यंदा तीन टक्के कमी करा.' पेमेंट किती दिवसांनी? छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे हा कायदा २००६ चा आहे. मला चार महिन्यांनी मिळतात आणि तक्रार केली तर पुढची ऑर्डर गेली म्हणून समजा. त्यात विजेचा दर. हाकेच्या अंतरावर कर्नाटकात निम्मी डोकेदुखी. तुम्हाला तिथं जो पगार मिळतो ना, तो माझ्या रेटमधून कापलेला आहे. वर तुम्हीच मला कायदा शिकवा.

चाकणचा_पाहुणा

काका, मुद्दा पटला. म्हणजे कंपनी तुम्हाला पिळते, तुम्ही आम्हाला पिळता आणि आम्ही कुणाला पिळायचं ते अजून ठरायचं आहे. तोवर आम्ही तिकडं जातो, जिथं पिळणारा निदान स्लिप देतो.

राजारामपुरी_रिटर्न

दोघांचं चालू द्या, मी हिशेब मांडतो. मी वाकडला होतो, आयटीत. पगार इथल्या दुप्पट. वन बीएचके १९ हजार, मेंटेनन्स वेगळा, डिपॉझिटला बायकोचं सोनं गहाण. हिंजवडीचा ट्रॅफिक हा तर स्वतंत्र धागा. दूध पिशवीचं. इथं संध्याकाळी गंगावेशीत समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध पिणारा माणूस, तिथं पिशवीवरची तारीख वाचत उभा. हातात महिन्याला उरायचे सहा-सात हजार. आता इथल्या ऑफिसात पगार कमी आहे, उरतात जास्त, जेवायला घरी येतो. तुम्ही पगार मोजता, मी उरलेलं मोजतो.

मिरजकर_तिकटी

उरलेलं मोजताय तर घर वडिलांचं आहे हेही लिहा की ओ. ज्याला इथंपण भाडं भरायचं आहे त्यानं काय मोजायचं?

राजारामपुरी_रिटर्न

हो, घर वडिलांचं आहे. गुन्हा आहे काय?

किणी_नाका_हटाव

पगार, भाडं सगळं झालं, टोल कोण मोजणार? पुण्याहून शनिवारी घरी यायचं तर खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. जाताना परत तेच चार. सातारा-कागल सहापदरीचं काम संपता संपेना, डायव्हर्जनवर डायव्हर्जन, आणि टोल मात्र चालूच. लाज वाटते. हे तेच कोल्हापूर आहे ज्यानं शहरातला टोल उखडून टाकला. नऊ नाके होते, तीस वर्षं वसुली करणार होते. ऐंशी पार केलेले एन. डी. पाटील सर रस्त्यावर उतरले होते. २०१४ च्या जानेवारीत नाके पेटले, २०१५ संपता संपता टोल गेला. आणि त्याच आंदोलनातली पोरं आज फास्टॅग लावून गपगुमान किणीतनं पास होतात.

शिवाजी_पेठ_कट्टा

नाद खुळा! आम्ही होतो त्या मोर्चात. अख्खं शहर होतं, सगळे पक्ष, तालमी, बायका, म्हातारी माणसं.

मिरजकर_तिकटी

आणि कंत्राटदाराची भरपाई कुणी दिली? सरकारनं. म्हणजे तुम्ही-आम्हीच. टोल गेला नाही, फक्त नाका दिसायचा बंद झाला.

शिवाजी_पेठ_कट्टा

हे बोलायला घरात बसून सोपं आहे. तेव्हा कुठं होता?

मिरजकर_तिकटी

तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो. पळपुटा.

बुलेट_सवारी

दुचाकीला टोल नाही. पुणं २३० किलोमीटर, पहाटे निघायचं, साताऱ्यात नाश्ता. विषय संपला.

किणी_नाका_हटाव

बायको-पोरं, गव्हाचं पोतं आणि आईनं दिलेली चटणीची बरणी बुलेटवर बसवून दाखवा, मग विषय संपवू.

काळा_कोट

रेल्वेचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. सह्याद्री एक्स्प्रेस कोरोनात बंद केली, परत सोडली ती पुण्यापर्यंतच. वंदे भारत आठवड्यातून तीन दिवस, तीही सकाळी इथून निघून दुपारी पुण्यात. सोमवारी कामावर हजर व्हायचंय त्याला तिचा उपयोग शून्य.

मूळ विषयावर: मी उलटा प्रवास केला. तेव्हा केस हायकोर्टात म्हणजे मुंबई. महालक्ष्मीनं रात्रभर जायचं आणि तारीख पडली की तसंच परत. शेवटी कंटाळून मुंबईत एका सिनियरकडं राहिलो. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं तसं चंबूगबाळं आवरलं. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत आता सहा जिल्ह्यांचं काम चालतं. त्यासाठी वकिलांनी किती दशकं आंदोलनं केली ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काम गावात आणा, माणसं आपोआप येतात. शिव्या देऊन येत नाहीत.

चाकणचा_पाहुणा

वकीलसाहेब, शंभर टक्के. फक्त आमच्या सेटरांचं बेंच अजून मुंबईतच आहे एवढंच.

कुंभार_गल्ली

इथं सगळे हिशेब चाललेत म्हणून मी न मांडता येणारा सांगतो. २०१९ चा ऑगस्ट. मी भोसरीत. आई-वडील दोघंच घरात, शाहूपुरीत. पंचगंगेचं पाणी वाढायला लागलं तसा निघालो, पण हायवे बंद. शिरोलीजवळ रस्त्यावर पाणी, पुलाच्या अलीकडं ट्रकांच्या रांगा. वडिलांचा फोन लागत होता तोवर ते म्हणायचे, 'येऊ नको, पायरीपर्यंतच आहे.' मग फोन बंद. दोघांना गल्लीतल्या पोरांनी बाहेर काढलं, ज्यांना आपण रिकामटेकडी म्हणतो. मला ते दोन दिवसांनी कळलं. वर्षाच्या आत नोकरी सोडून परत आलो. पगार कमी झाला. विचारणाऱ्याला मी कारण सांगत बसत नाही.

मिरजकर_तिकटी

वाईट वाटलं. पण तुम्ही इथं असता तरी पाणी थांबलं नसतं. पूर हे नोकरी सोडण्याचं कारण होऊ शकत नाही.

शिवाजी_पेठ_कट्टा

तुला कळतंय का कुणाला काय बोलतोयस? पाण्यात उतरलेल्यांत मी होतो. माणूस असतो तेव्हाच हाक ऐकू येते, पुण्यातनं काय ऐकणार?

मिरजकर_तिकटी

मग सगळ्यांनी पूर येईल म्हणून गल्लीत बसायचं का?

कुंभार_गल्ली

मी कुणाला बस म्हटलेलं नाही. मी का बसलो ते सांगितलं. वाद घालायचा असेल तर टोलवर घाला.

गोशिमा_नवा_सेटर

सॉरी, मध्येच विचारतो. गोकुळ शिरगावात कारखान्यात आहे, सहा दिवसांचा आठवडा, चार वर्षं सात महिने झाली. तळेगावहून ऑफर आहे, ते म्हणतात महिन्यात जॉइन व्हा. घरचे म्हणतात ग्रॅच्युइटी बुडेल. बेसिक १३ हजार. काय करू?

काळा_कोट

पाच वर्षं पूर्ण लागतात हे खरं, पण पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर हक्क लागतो असं काही हायकोर्टांनी धरलं आहे. मालक सहजासहजी मानत नाहीत, ते वेगळं. नोटिशीचा काळ नोकरीतच धरतात, त्यामुळं नोटीस विकत घेऊन, म्हणजे पैसे भरून, पळू नका, ती पूर्ण काम करून संपवा. हिशेब सोपा: १३ हजार भागिले २६, गुणिले १५, म्हणजे वर्षाला साडेसात हजार. पाच वर्षांचे साडेसदतीस हजार. तळेगाववाल्यांना सरळ सांगा, अडीच-तीन महिने लागतील. खरंच माणूस हवा असेल तर थांबतात.

चाकणचा_पाहुणा

आणि पीएफ काढू नको रे बाबा. सगळे डिपॉझिटसाठी काढतात. ट्रान्सफर कर, यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, तोच राहतो. पाच वर्षांच्या आत काढलास तर टॅक्स, आणि पेन्शनचा हिस्सा काढलास तर पेन्शनला लागणाऱ्या दहा वर्षांचं मोजणं परत पहिल्यापासून. राजीनामा ईमेलनं दे, तोंडी नको. आणि शेवटच्या दिवसाआधी सगळ्या स्लिपा डाउनलोड करून ठेव.

उद्यमनगर_जुना

बघा, कशी पद्धतशीर पोरं पळवतात. ह्या सल्ल्याची मालकांना फी लावा.

राजारामपुरी_रिटर्न

काका, तुम्ही ह्यांच्यापेक्षा चांगला सल्ला द्या की मग.

उद्यमनगर_जुना

देतो. गोशिमावाले, व्हीएमसी मशिन चालवता येतं का? फॅनुक कंट्रोल? येत असेल तर तळेगावला होकार देण्याआधी मला मेसेज करा. २६ हजार देतो, स्लिपवर. ओव्हरटाइम कायद्याप्रमाणं, हे इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

चाकणचा_पाहुणा

अरे वा! दुसऱ्याची तयार पोरं चार पैसे जादा देऊन उचलायला लागले. ह्याला काय म्हणायचं काका, बेइमानी?

उद्यमनगर_जुना

धंदा म्हणायचं. तुम्हाला यायचं असेल तर तुम्हीपण सांगा, पण २६ वर एक रुपया नाही.

किणी_नाका_हटाव

कारखाना नाक्याच्या अलीकडं आहे का पलीकडं, तेवढं आधी विचारून घे रे.