रक्त कोण देतं: मी, की माझं मंडळ?

पूर्वेचा_वारा
सात वर्षं मी दर गणपतीत रक्त दिलं. मंडळाचा टी-शर्ट घालून, पोरांसोबत. मग नोकरीसाठी नाशिकला आलो आणि पुढची चार वर्षं एकदाही दिलं नाही. रक्तपेढी खोलीपासून चालत दहा मिनिटांवर होती. वेळ होता, तब्येत ठणठणीत होती, फक्त 'चल रे' म्हणणारं कोणी नव्हतं. तेव्हा लक्षात आलं, इतकी वर्षं रक्त देत होता तो मंडळाचा कार्यकर्ता. मी स्वतःला रक्तदाता मानलंच नव्हतं.

म्हणून माझं मत असं की गणपती, जयंत्या, नेत्यांचे वाढदिवस यांना बांधलेल्या शिबिरांतून रक्त जमतं, रक्तदाते घडत नाहीत. रक्तदाता ही ओळख ज्याची त्यानंच घडवायची असते. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच. एका रविवारी पिशव्यांचा ढीग, आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावी, तेव्हा तुटवडा. थॅलेसेमियाच्या लेकराला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. ते कुणाच्या वाढदिवसाची वाट कशी बघणार?

कृष्णाकाठ
नाही पटलं. माझा आज्जा म्हणायचा, रक्त दिलं की माणूस खंगतो. त्याच घरातला मी, आजवर १९ वेळा दिलंय. ती भीती पत्रकं वाचून गेली नाही. शेजारच्या खाटेवर मित्र झोपला म्हणून मी झोपलो. गावात माणूस आधी कुणाचा तरी असतो, दादा. तुमचं मंडळ सुटलं आणि तुम्ही थांबलात, यात मंडळाचा काय दोष?

पूर्वेचा_वारा
पहिल्या वेळेचं मान्य. मी पुढच्या वेळांबद्दल बोलतोय. १९ पैकी शिबिराबाहेर किती?

कृष्णाकाठ
चार. त्यातलं एक मध्यरात्री, अनोळखी बाळंतिणीसाठी. पण तो निरोपही मंडळाच्या ग्रुपवरच आला होता.

रक्तपेढी_तंत्रज्ञ
१४ वर्षं या कामात आहे. तुमच्या वादात भेटवस्तू राहून गेल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं, कारण पैशाची गरज असलेला माणूस आजार लपवतो. मग हेल्मेट, पाण्याचा जार, ट्रॉली बॅग ठेवल्यावर वेगळं काय होणार? फॉर्मवर सगळ्या प्रश्नांना 'नाही'. मागच्या वेळेला दीडच महिना झालेला असतो, तेही सांगत नाहीत. एचआयव्ही, बी आणि सी कावीळ, सिफिलिस, मलेरिया या चाचण्या आम्ही प्रत्येक पिशवीच्या करतो. पण संसर्ग अगदी ताजा असेल तर तो चाचणीत सापडेलच असं नाही. तिथे दात्यानं खरं सांगण्यावरच भिस्त असते. जारासाठी आलेला खरं सांगेल, याची मला खात्री वाटत नाही.

अबोली_ताई
बायकांबद्दल कुणीच बोललं नाही. मी तीनदा रांगेत उभी राहिले, तिन्ही वेळा परत. हिमोग्लोबिन १२.५ लागतं, माझं ११ च्या आसपास. 'ताई, तुम्ही चहा घ्या' म्हणून बाजूला बसवायचे. नवऱ्याची प्रमाणपत्रं कपाटात रचलेली, आणि मी ठरवून टाकलं की हे आपलं काम नव्हे. तिसऱ्या वेळी मात्र शिबिरातल्या डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, 'तीन महिन्यांनी नक्की या, मी बघते.' गेले. १२.८ भरलं. त्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या रडू आलं. वारासाहेब, तुम्ही म्हणता ही ओळख आपली आपण घडवायची. माझी तर 'परत या' म्हणणाऱ्या बाईंमुळे घडली.

पूर्वेचा_वारा
ताई, तुमचं वाचून माझा हेका सैल झाला. भेटवस्तूंना विरोध मात्र कायम. कृष्णाकाठ, तुमच्या ग्रुपवर एप्रिल-मेसाठी नावांची यादी होईल का? पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी देता येतं. गणपतीत दिलेले सगळे तोवर मोकळे असतात.

कृष्णाकाठ
यादी आजच टाकतो. शिबिर बंद होणार नाही. आणि जाराचं म्हणाल तर मलाही तो नकोच आहे, पण मंडळात हे एकट्यानं पटवणं अवघड. गेल्या वर्षी शेजारच्या मंडळानं जार ठेवला आणि आमची रांग निम्मी झाली.