[मंडळ-लिस्ट] अप्पांचा चाकू : बुधवारपर्यंत सांगा

प्रेषक : मंजिरी

मंडळी, अप्पांना निरोपाची भेट म्हणून द्यायच्या चाकूचं बुधवारपर्यंत नक्की करायचंय. नाव कोरायला वेळ लागतो, पुढे ढकललं तर गणपतीच्या आधी हातात पडणार नाही. कार्यकारिणीत ठरलंय ते एवढंच : शाल-श्रीफळ नको (अप्पांनीच बजावलंय), त्यांचा विमानतळावर जप्त झाला तसा तीन पात्यांचा, जुन्या धाटणीचा, अमेरिकेत बनलेला चाकू द्यायचा. मर्यादा शंभर डॉलर. मी केस (Case) कंपनीचा हाडाच्या मुठीचा, ६३१८ नंबरचा बघून ठेवलाय. शिरीष, हो म्हण म्हणजे ऑर्डर टाकते. अप्पांना आजपासून लिस्टवरून तात्पुरतं काढलंय, कोणी परत जोडू नका.

मखराचं इथे काढू नये. त्याचा मेल वेगळा येईल.

---

प्रेषक : शिरीष

घाट बरोबर निवडलास. केसच्या नंबरात पहिला आकडा मुठीचा, दुसरा पात्यांचा, उरलेले घाटाचे. ६ म्हणजे हाड, ३ पाती, १८ म्हणजे मध्यम स्टॉकमन, तीन पात्यांच्या खिशातल्या चाकूचा घाट. पण पोलाद कुठलं घेतेयस? पात्याच्या बुडाशी ‘एसएस’ असेल तर स्टेनलेस, ‘सीव्ही’ असेल तर क्रोम-व्हॅनेडियम, म्हणजे कार्बन पोलाद. अप्पांचा जुना चाकू, श्रेडचा ओल्ड टायमर, कार्बनचा होता. त्यांना स्टेनलेस दिलंत तर तोंडावर छान म्हणतील आणि खणात टाकतील.

विचारलंच आहे तर सविस्तर लिहितो. अमेरिकेत अजून खरंच बनतात अशी नावं आता थोडी उरलीत. केस ब्रॅडफर्डमध्ये, १८८९ पासूनचं घराणं, १९९३ पासून झिप्पोच्या मालकीचं. ग्रेट ईस्टर्न टायटसव्हिलमध्ये, २००६ ला सुरू झालेलं. दोन्ही आपल्याच पेनसिल्व्हेनियातली. त्याशिवाय अलाबामात बेअर अँड सन आणि आयडाहोत बक.

हातकामात ग्रेट ईस्टर्न सगळ्यांत वर, यात मला तरी शंका नाही. चाकू उघडून पाठीवरून नख फिरवा : पातं, कमान (पाठीची स्प्रिंग) आणि पितळी अस्तर (मुठीच्या आतल्या पट्ट्या) यांच्या सांध्यात कुठे अडकत नाही. पोलाद बहुतेक १०९५, म्हणजे कार्बन एक टक्क्याच्या आसपास. धार पटकन लागते आणि टिकते. केसचं उत्पादन खूप मोठं, त्यामुळे एकाच नंबरचे दोन चाकू शेजारी धरले तर एकात कमान आणि अस्तरामध्ये उजेड दिसतो, दुसऱ्यात नाही. म्हणून केस हातात घेऊन, उजेडाला धरून विकत घ्यावा.

मग मी ग्रेट ईस्टर्न घ्या असं का म्हणत नाही? एक, तो मोजकाच बनतो, विक्रेत्याकडे आला की संपतो, आणि मग ज्याच्याकडे असेल तो मागेल ती किंमत. शंभरात बसणार नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं : त्यांच्या कमानी कडक असतात. अप्पांचे अंगठे आता कसे आहेत ते ढोलाच्या दोऱ्या आवळताना सगळ्यांनी पाहिलंय. नखाच्या खाचेत नख घालून पातं ओढायचं आणि नखच मोडायचं, असा चाकू सत्तरी ओलांडलेल्या माणसाला देऊ नये. केसची कमान मऊ असते. रसिक त्याला नावं ठेवतात, इथे तोच गुण आहे.

---

प्रेषक : निखिल

शिरीषदादा, एवढं कशाला? बकचा ३७१ स्टॉकमन, तीन पाती, निम्म्याहून कमी पैशांत, दोन दिवसांत घरी. बक अमेरिकन कंपनी आहे.

---

प्रेषक : शिरीष

कंपनी अमेरिकन, ३७१ चीनमध्ये बनतो. पात्याच्या बुडाशी कोरलेलं वाच. बक आयडाहोत बनवतं ते वेगळे, ११० वगैरे.

ओल्ड टायमरचंही तेच झालंय. एलनव्हिलचा श्रेडचा कारखाना २००४ ला बंद पडला, नाव विकलं गेलं, आता त्या नावाखाली येतं ते बहुतेक बाहेर बनलेलं. तेव्हा कोणी ‘अप्पांचाच जुना मॉडेल मिळतोय’ म्हणून लिंक पाठवू नका. काल आलेल्या दोन्ही लिंका त्यातल्याच आहेत. चिनी म्हणजे टाकाऊ असंही नाही, रफ रायडरचे काही चाकू किमतीच्या मानाने फार चांगले जुळवलेले असतात. पण ठराव ‘अमेरिकेत बनलेला’ असा आहे.

---

प्रेषक : निखिल

मग ११० घ्या. १९६४ पासून बनतोय, आबनुसाची मूठ, पितळी टोकं, पातं उघडलं की लॉक होतं, बोटावर मिटायची भीती नाही. पोलाद ४२०एचसी, म्हणजे स्टेनलेसच, पण बक ते साधारण ५८ रॉकवेलपर्यंत (रॉकवेल म्हणजे कडकपणाचं माप) कडक करतं. केसचं स्टेनलेस त्याच जातीचं असून त्याहून मऊ असतं, हे तुम्हीच पिकनिकला सांगितलं होतंत.

---

प्रेषक : मोहनराव

निखिल, ११० हा पट्ट्याला म्यानात लावायचा शिकारी चाकू. पावणेचार इंचाचं पातं आणि वजन दोनशे ग्रॅमच्या घरात. अप्पा लेंग्याच्या खिशात ठेवतात. लेंगा खाली येईल.

मी इथे आलो तेव्हा आमच्या शॉपमधला प्रत्येक फोरमन जेवणाच्या सुट्टीत खिशातून चाकू काढून सफरचंद सालीसकट कापून खायचा. मला वाटायचं, हा काय प्रकार. मग एकाने मला त्याचा जुना दिला, टायटसव्हिलचा क्वीन. ती कंपनीही २०१८ ला गेली. कॅमिलस २००७ ला गेली, ज्यांनी स्काउटांच्या दोन पिढ्यांना चाकू पुरवले. उरलेत त्यांच्याकडून घ्या, एवढंच म्हणतो.

आणि मंजिरी, स्टॉकमनची तीन पाती कशाकशाला ते अप्पांच्या सत्कारात कोणी समजावून सांगणार असेल तर आधी मला विचारा. गोल टोकाचं जे असतं ते गुरं खच्ची करायला केलेलं आहे.

---

प्रेषक : सुलभाताई

मोहनराव, लिस्टवर मुलीबाळी आहेत.

मला एक विचारायचंय आणि कोणी विचारत नाहीये म्हणून मीच विचारते. ‘हाडाची मूठ’ म्हणजे कोणाचं हाड? आपण हे गणपतीसमोर, आरतीनंतर देणार आहोत ना?

शिवाय चाकू हातात देऊ नये, भांडण होतं. खाली ठेवावा, त्यांनी उचलावा, आणि त्यांच्याकडून एक नाणं घ्यावं.

---

प्रेषक : शिरीष

गुरांच्याच नडगीचं, ताई. खाटीकखान्यातून येतं, वर नक्षी पाडतात आणि रंगवतात. त्यासाठी वेगळा जीव जात नाही, पण प्रश्न रास्त आहे आणि गणपतीसमोर मीही देणार नाही.

उपाय सोपा : ३३१८ सीव्ही. तोच घाट, तीच तीन पाती, तीच मऊ कमान. पहिला आकडा ३ म्हणजे पिवळी कृत्रिम मूठ. हाडापेक्षा बहुधा स्वस्तच पडेल. शेतकऱ्यांचा आणि मासे धरणाऱ्यांचा आवडता, गवतात पडला तरी दिसतो. शिंगाच्या मुठीची चौकशी कोणी करू नका. पूर्वी ती आपल्याकडच्या सांबराची असायची, भारताने निर्यात बंद केल्यापासून महाग झाली आणि शिंग म्हणजे काही भाजीपाला नव्हे.

नाण्याची पद्धत इथेही आहे. चाकू भेट मिळाला की घेणाऱ्याने एक पेनी द्यायची, म्हणजे मैत्री कापली जात नाही.

---

प्रेषक : वैशाली

पिवळा?! फोटो पाहिला. मुलांच्या कंपासपेटीतला वाटतो. निरोपाची भेट आहे, जरा भारदस्त नको का? लाकडाची मूठ मिळत नाही का?

---

प्रेषक : विद्याधर (खजिनदार)

भेटवस्तूंचे निर्णय समितीत होतात, लिस्टवर नाही, याची आठवण करून देतो. समिती म्हणजे मंजिरी, वैशाली आणि मी. मूळ पावती लागेल, ऑर्डरचा स्क्रीनशॉट चालणार नाही. गेल्या वर्षीच्या निरांजनांची पावती अजून आलेली नाही, कोणाकडे आहे ते त्या व्यक्तीला माहीत आहे.

नाव कोरण्याचा खर्च शंभराच्या आत की बाहेर?

---

प्रेषक : मंजिरी

आत. आणि निरांजनांची पावती मी मार्चमध्ये हातात दिली होती, विद्याधर, तुमच्या घरच्या हळदीकुंकवाला.

---

प्रेषक : प्राची

उशिरा लिहितेय. यंदा कार्यक्रम देवळाच्या हॉलमध्ये नाही, हायस्कूलमध्ये आहे. पेनसिल्व्हेनियात शाळेच्या इमारतीत किंवा आवारात चाकू नेणं हा गुन्हा आहे, खिशातला लहान असला तरी. बुकिंग माझ्या नावावर आहे, म्हणून कळकळीने सांगतेय. मखराचे कटरसुद्धा नेता येणार नाहीत, त्याचं काय ते थर्माकोलवाल्यांनी बघावं.

---

प्रेषक : सुलभाताई

मग विसर्जनानंतर अप्पांच्याच घरी जाऊन देऊ. मी पुरणपोळ्या करीन. म्हणजे हाडाचाही प्रश्न तितकासा उरत नाही, पण माझं मत नकोच.

---

प्रेषक : श्रीरंग

कृपया मला या लिस्टवरून काढा. तिसऱ्यांदा लिहितोय.

---

प्रेषक : निखिल

कार्बन गंजतो ना? अप्पा त्याने कैरी कापतात. लिंबू, कैरी लागली की दुसऱ्या दिवशी काळं.

---

प्रेषक : मोहनराव

आईच्या विळीचं पातं काळंच होतं आणि त्यावर चार घरचा फणस कापला गेला. काळं पडणं आणि गंजणं वेगळं. काळा थर बसला की उलट तांबडा गंज कमी धरतो. कापलं की पुसून कोरडं करायचं, बस.

---

प्रेषक : वैशाली

खोबरेल लावून ठेवावं.

---

प्रेषक : शिरीष

खोबरेल नको. इथल्या थंडीत ते सांध्यात गोठून बसतं आणि पातं उघडताना चिकटतं. फार्मसीत मिळतं ते खायला चालणारं मिनरल ऑइल, सांध्यात एक थेंब, महिन्यातून एकदा.

लाकडाबद्दल : केसचे लाकडी मुठीचे निघतात, पण स्टॉकमन, सीव्ही आणि लाकूड हे तिन्ही एकत्र आणि बुधवारच्या आत मिळेल अशी आशा धरू नका. पोलाद की दिसणं, यात अप्पांसाठी मी पोलाद निवडेन. ते रोज वापरणार आहेत. कपाटात ठेवायला द्यायचा असेल तर गोष्ट वेगळी, मग एखादा छान नक्षीचा स्टेनलेस घ्या आणि मला विचारू नका.

खरेदी मात्र ऑनलाइन नको. जाळीवर एक फोटो असतो आणि पेटीतून दुसराच चाकू येतो. माझ्या पुतण्याच्या मुंजीला मागवलेला (कंपनीचं नाव घेत नाही, दोन दिवस त्यावरच वाद चालेल) असा आला की मधलं पातं मिटताना शेजारच्या पात्याला घासायचं. तीन पाती एवढ्याशा जागेत बसवायची म्हणजे ती किंचित वाकवावी लागतात, तिथेच स्टॉकमनचं काम बिघडतं. दुकानात तिन्ही पाती एकेक करून उघडायची, मिटताना टक्क असा आवाज ऐकायचा, उघड्या पात्याला डावीकडे-उजवीकडे हलवून पाहायचं.

शनिवारी मी ब्रॅडफर्डला जातोय. झिप्पो आणि केसचं म्युझियम तिथेच, दुकानही तिथेच. पाच-सहा ३३१८ समोर मांडायला सांगतो आणि त्यातला निवडून आणतो. नाव मग इथे येऊन कोरून घेऊ. गाडीत दोन जागा आहेत.

---

प्रेषक : वैशाली

एक जागा माझी. पिवळा प्रत्यक्ष बघून ठरवू, समितीतर्फे.

---

प्रेषक : मोहनराव

दुसरी माझी. परत येताना टायटसव्हिलवरून या. फार वळसा पडणार नाही आणि ड्रेकची १८५९ ची तेलविहीर या शिरीषने अजून पाहिलेली नाही.

---

प्रेषक : विद्याधर (खजिनदार)

शनिवारच्या गॅसचे पैसे मंडळ देणार नाही.