विमानात कुणी डॉक्टर आहे का?

ही घोषणा ऐकून उठलेले, न उठता गप्प बसलेले, किंवा ज्यांच्यामुळे ती झाली ते, सगळ्यांनी लिहा. सुरुवात मी करते. मी भूलतज्ज्ञ, कोथरूडला असते.

लोहगावहून पहाटेचं दिल्लीचं विमान. डोळा लागला होता, नवऱ्याने कोपर मारून उठवलं. मागे टॉयलेटच्या दाराशी सत्तरीतले काका कोसळलेले, पांढरेफटक, घामाने निथळत. बघे हटवले, तिथेच आडवं केलं, पाय बॅगेवर चढवले. विमानातल्या औषधपेटीत स्टेथोस्कोप होता, पण त्या घरघरीत डोंबल ऐकू येतंय! मग मनगटावर बोटं ठेवून बीपीचा पट्टा फुगवला आणि सोडताना नाडी कधी परत लागते ते पाहिलं. वरचा आकडा ८०. ऑक्सिजन ९१. आत हवेचा दाब ६ ते ८ हजार फुटांवर असतो तेवढाच ठेवतात, म्हणजे कळसूबाईच्याही वर. धडधाकट माणसाचाही ऑक्सिजनचा आकडा थोडा उतरतोच. तरी सिलिंडर लावला. दहा मिनिटांत काका बोलायला लागले. तीनला उठून बीपीची गोळी घेतलेली, पोटात चहासुद्धा नाही. "विमानात देतात की!" (फुकट कोण देतं हल्ली, काका?)

सहकारनगरकर
आमची आई मधुमेही. घरून इन्सुलिन टोचून निघाली, उतरल्यावर जेवू म्हणून. विमान तासभर जमिनीवरच उभं. हात थरथरायला लागले, मग मलाच "तुम्ही कुठले?" विचारायला लागली. क्रूने साखरेच्या चार पुड्या पाण्यात ढवळून दिल्या. थोड्या वेळाने पहिलं वाक्य, "माझी पिशवी कुठंय?" पिशवीत राजगिऱ्याचे लाडू होते. वरच्या कप्प्यात.

दातवाली
मी दातांची डॉक्टर, त्यामुळे आधी उठलेच नाही. दुसऱ्यांदा घोषणा झाली तेव्हा उठले. पुणे-कोलकाता, एका गृहस्थांच्या छातीत कळ, डावा हात जड. वैमानिक जमिनीवरच्या डॉक्टरांशी बोलत होते. त्यांच्या सांगण्यावरून ॲस्पिरिन चावायला दिली. विमान नागपूरला उतरवलं, ॲम्ब्युलन्स धावपट्टीशेजारी तयार. मागून एकजण "गेली माझी मीटिंग" म्हणून करवादत होता. पेशंटची बायको दोन हातांवर होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

पुढे काय झालं, कळलं नाही. त्यांच्या चपला सीटखालीच राहिल्या होत्या. कोलकात्याला उतरताना क्रूकडे दिल्या.